दारापाशी दोन उड्या

धडकेमामांनी अकरा वर्षं गेम तपासले. गेममधल्या भिंतींवर धडका मारून खेळाडू कुठे अडकतो ते शोधायचं, म्हणून ऑफिसने पाडलेलं हे नाव. त्यांचाच खेळ रेकॉर्ड करून कंपनीने मशीनला शिकवलं. आता धडका तेच मारतं.

"मामा, हे प्रत्येक दारापाशी उगाच दोन उड्या मारतं," साहेब वैतागून म्हणाले. "कुठून उचललं, बघा जरा."

बघायचं काय त्यात? लेक लहान होती तेव्हा मामा खेळताना मांडीवर बसायची आणि गेममधल्या खेळाडूने दोन उड्या मारल्याशिवाय दार उघडू द्यायची नाही. आता ती फोनही उचलत नाही, पण बोटांची खोड काही गेली नाही.

मामांनी रिपोर्टात लिहिलं, 'तपासणाऱ्याची जुनी सवय. काढून टाकावी.'

संध्याकाळपर्यंत मशीन मुकाट्याने दारातून जाऊ लागलं.