पलीकडची

आमच्या हॅलोताईला त्या शहराचा कोपरा न् कोपरा तोंडपाठ होता, आणि त्या शहरात तिने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

आम्ही तिघी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या, आता तिघीही निवृत्त. मी तक्रार विभागात होते. गावाने मला घातलेल्या शिव्या लिहून ठेवल्या असत्या तर एक जाडजूड शब्दकोश झाला असता. आमच्यातल्या सुपरवायझरबाई पाठीमागून फेऱ्या मारायच्या. त्यांच्या चपलांना रबरी तळवे, त्यामुळे त्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळायचंच नाही. कळायचं ते थेट, "खासगी बोलणं बंद!" हे कानाशी आलं की.

आणि हॅलोताई परगावचे कॉल जोडायची. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खोचायची आणि म्हणायचं, "हॅलो, बोला." परगावचा कॉल तीन मिनिटांचा असे. वेळ संपली की मध्येच तोंड घालून विचारावं लागे, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" लोकांचं एक मला कधी कळलं नाही. दोन मिनिटं हवापाणी विचारणार आणि नेमकं तिसरं मिनिट संपताना मुद्द्यावर येणार.

दोन तासांवरच्या त्या शहराच्या एक्स्चेंजमध्ये हिच्यासारखीच एक ऑपरेटर होती. तिला हॅलोताई 'पलीकडची' म्हणायची. या दोघींनी दोन कॉलांच्या मधल्या फटीत वीस वर्षं गप्पा मारल्या. मुलाला ताप आलाय हे सकाळी कळायचं आणि किती आहे ते जेवणाच्या सुट्टीनंतर. सासूशी झालेलं भांडण तर हप्त्याहप्त्याने आठवडाभर चालायचं. पलीकडचीच्या घराखाली बेकरी होती. पुलाच्या टोकाला घड्याळाचा मनोरा होता, ते घड्याळ मागे पडायचं आणि त्याच्यावर विसंबून ही बया रोज कामावर उशिरा पोचायची. हे सगळं हॅलोताई आम्हाला डबा खाताना सांगायची, जणू कालच जाऊन आली.

हॅलोताईची आई गेली तो निरोप बोर्डावरच आला. बदली बाई येईपर्यंत उठता येईना. दिवे लागत होते, ही दोऱ्या खोचत होती, डोळ्यांतून पाणी चाललेलं. तेव्हा पलीकडची लाइनवर आली आणि तशीच थांबली. एक शब्द बोलली नाही. बदली येईपर्यंत नुसती थांबली. मी शेजारच्या टेबलावरून सगळं पाहत होते, आणि त्या दिवशी सुपरवायझरबाईसुद्धा आमच्या मागे फिरकल्या नाहीत.

मग भेटल्या का नाहीत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायची. दोघींची साप्ताहिक सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. मग मुलं, मग म्हातारी माणसं, मग 'बघू पुढच्या महिन्यात'. अख्ख्या गावाचे फोन जोडणाऱ्या या दोघींच्या घरी फोन नव्हता. आणि मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. बोर्ड महिनाअखेरीला बंद होणार होता, तो त्याच्या आधीच बंद केला, नेमका हॅलोताईच्या सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ती आली तर दोऱ्या गुंडाळून खोक्यात भरलेल्या. निरोप घ्यायचा राहूनच गेला.

यंदा बाईंनी निवृत्तीच्या पैशातून छोटी गाडी घेतली आणि फर्मान काढलं, "शनिवार-रविवार, तिघी, त्या शहरात."

"नको हो बाई," हॅलोताई म्हणाली. "दुरून डोंगर साजरे."

"अगं, नको काय?" मी म्हटलं. "जन्मभर त्या शहराचं पुराण ऐकवलंस आम्हाला!"

ती हातातल्या पिशवीची घडी घालत बसली. मग म्हणाली, "तिथे ती नसली तर? आत्ता निदान माझ्या कानात तरी आहे गं. जाऊन बघितलं आणि नसली, तर तेही जाईल."

मला एकदम भरून आलं. म्हणून मी तिला रागावले आणि तिची बॅग भरायला घेतली.

बाई गाडी चालवतात म्हणण्यापेक्षा गाडीवर देखरेख करतात. आम्हाला ट्रक मागे टाकून गेले, बस गेली, एक दूधवालासुद्धा मागे वळून बघत पुढे गेला. नियम एकच, अंधारात गाडी चालवणार नाही. नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, असं त्या स्वतःच सांगतात. म्हणजे रविवारी दिवेलागणीच्या आत घरी.

शहर आलं आणि मागच्या सीटवरून हॅलोताई सांगायला लागली, "आता पूल येईल. उतरलं की मनोरा." पूल आला. मनोराही आला. घड्याळ मात्र अगदी बरोबर चालत होतं, ते काही तिला आवडलं नाही. सबंध शनिवार तिने आम्हाला ते शहर फिरवलं. नदीकाठची बाग दाखवली, शिलाई मशिनांची गल्ली दाखवली. सिनेमागृहाच्या जागी गाड्या लावायचं मैदान झालं होतं, तर तिथेही आम्हाला उतरवून, पडदा कुठल्या बाजूला असेल ते सांगितलं. काय खुलली होती! आमच्या तरुणपणीची हॅलोताई मला त्या दिवशी परत दिसली. फक्त बेकरीचं नाव काढलं की "उद्या" म्हणायची.

रविवारी सकाळी आधी नाश्ता, मग वस्तुसंग्रहालय, मग म्हणे पाय दुखतात. दुपारी माझं डोकं फिरलं. "आता चलतेस की मी एकटी जाऊ आणि तुझं नाव सांगू?" असं म्हटल्यावर मुकाट्याने गाडीत बसली.

बेकरी नव्हती. त्या जागी चपला-बुटांचं दुकान. हॅलोताईचा चेहरा पार उतरला. ती आत जाऊन बूट घालून बघायच्या स्टुलावर मटकन बसली. दुकानदार धावत आला आणि तिच्यापुढे चपलांचे तीन जोड मांडून मोकळा झाला.

"चपला नकोत हो," मी म्हटलं. "इथे बेकरी होती ना? वर टेलिफोनमधल्या एक बाई राहायच्या."

"राहायच्या काय? राहतात की!" तो म्हणाला. "मावशी ना? पाच नंबरची चप्पल. जिना बाजूने आहे."

जिना चढताना हॅलोताईने माझा हात असा धरला होता की बांगड्या रुतल्या. दार उघडलं. हिच्या डोक्यात पलीकडची म्हणजे उंच, सडपातळ, लांब वेणीची. समोर माझ्या खांद्याला लागेल एवढीशी, गोल, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. तिनेही हिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हिने नाव सांगितलं. त्या बाईचा हात तोंडावर गेला.

आता मिठ्या मारतील, रडतील, म्हणून मी रुमाल काढून ठेवला. कुठलं काय!

"या ना. बसा."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो. तुम्ही?"

वीस वर्षं अगं-तुगं केलेल्या बाया, आणि आता 'तुम्ही'! दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. उकाडा फार आहे, असं एक म्हणाली. हो, यंदा फार, असं दुसरी म्हणाली. मग पंख्याचा आवाज ऐकत बसलो. हॅलोताईने माझ्याकडे बघितलं. तिला भीती होती ती पलीकडची नसण्याची. ती होती, समोर होती, आणि तरी सापडत नव्हती.

"चहा टाकते," म्हणून ती बाई आत गेली. भांडं वाजलं, नळ वाजला, आणि आतून आवाज आला, "साखर अजून दीडच चमचा का गं?"

हॅलोताई ताडकन सरळ झाली. "दीड कुठली! डॉक्टरने अर्ध्यावर आणलीय."

"तरी सांगत होते तुला, डब्यात रोज गोड नेऊ नकोस!"

"तू नको सांगूस! घड्याळ दुरुस्त झालं वाटतं? आता कुणावर ढकलतेस उशीर?"

आतून हसण्याचा असा आवाज आला की बाई खुर्चीत वळून बघायला लागल्या. दोघी सुटल्याच. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, दोघींची नजरानजर झाली आणि पुन्हा सगळं ठप्प. "घ्या ना," "हो, घेते."

बाईंनी कप खाली ठेवला. आयुष्यभर माणसांच्या पाठीमागे उभी राहिलेली बाई ती. त्यांनी आपली खुर्ची उचलून हॅलोताईसाठी तोंड भिंतीकडे करून ठेवली. "तुम्ही इथे बसा. आणि तुम्ही," त्या घरमालकिणीला म्हणाल्या, "आत स्वयंपाकघरात जाऊन बसा. दार अर्धं लोटून घ्या."

दोघी शाळकरी पोरींसारख्या गुमान बसल्या. मग हॅलोताईने भिंतीला सांगितलं, "हॅलो, बोला."

आणि मग जे सुरू झालं! कुणाचा नवरा गेला, कुणाचा मुलगा दूर आहे, बोर्ड बंद झाला त्या दिवशी कोण किती रडलं. एक भिंतीशी बोलत होती, एक चहाच्या भांड्याशी. मध्येच दोघीही गप्प झाल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या, पण ते गप्प बसणं वेगळं होतं. तेव्हा काढून ठेवलेला रुमाल मलाच लागला.

खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. मी बाईंना खुणेनेच घड्याळ दाखवलं. त्या किल्ली घेऊन उठल्या आणि रबरी तळव्यांनी, आवाज न करता, दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या मनात आलं, झालं, खासगी बोलणं बंद.

बाईंनी घसा साफ केला. "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

दोन्ही खोल्यांतून एकदमच उत्तर आलं, "वाढवा!"

बाईंनी किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, "कालच्या लॉजला फोन लावा. म्हणावं, खोली आजही हवी आहे."