मुखेड ते उदगीर, पर्समध्ये काळा तुकडा

उदगीरचा किल्ला बघायला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, आणि पर्समध्ये पाण्याच्या बाटलीपलीकडे फारसं काही नेऊ नका. मी गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये जमिनीतून निघालेली एक वस्तू होती, आणि किल्ला मी फक्त लांबून पाहिला.

झालं असं, की माझा थोरला भाऊ मुखेडजवळच्या आमच्या शेतात शेततळं खणत होता. शुक्रवारी त्याचा फोन आला. "सुमे, उद्या ये. एक वस्तू तुझ्याकडं ठेवायची हाय. फोनवर काही इचारू नको."

मी नांदेडात विज्ञान शिकवते. तरी काही न विचारता 'येते' म्हणाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुखेडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. दुपारी निघालात तर डावीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. घरी पोचले तसं दादाने दार लावलं आणि फडकं उलगडलं. आत तळहाताएवढा काळा, वाकलेला तुकडा होता, आणि त्यावर चांदीच्या तारेची बारीक वेल.

"एवढाच निघाला," दादा म्हणाला. "गावात मात्र गुप्तधनाची बोंब झालीय. काल गाडी घेऊन दोघं अनोळखी आले. हंडा केवढा होता म्हणून इचारून राहिले होते."

जमिनीत सापडलेलं सरकारला कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा होतो, हे मला माहीत होतं. "दादा, सोमवारी तहसीलला जाऊ."

"ठेव म्हणलं की ठेवावं माणसानं."

त्याला दाखवायची भीती आणि मला ठेवायची. उद्या पोलीस आले तर दादाला नेतील, आणि आता कदाचित मलाही. निदान हे आहे तरी काय, ते कळायला हवं होतं. उदगीरला माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे मामू राहतात. त्यांची उमेदीची वर्षं बिदरला, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवण्याच्या कामात गेली. दादा नको नको म्हणत असताना रविवारी सकाळी मी निघाले.

जांब, जळकोट करत गाडी जाते. रस्ता बरा, पण मला खड्डा न् खड्डा कळत होता. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "पर्स एवढी आवळून का बसलीस बाय? सोनं हाय का काय?" ती हसली, मला दरदरून घाम फुटला. जळकोटला दोघे चढले आणि नेमके माझ्या मागे बसले. हेच ते गाडीवाले, अशी माझी खात्रीच पटली. उदगीरपर्यंत दोघे सोयाबीनच्या भावावर भांडत होते.

स्टँडबाहेर खिचडी-खट्टा, म्हणजे खिचडी आणि चिंचेचं आंबट सार, फार छान मिळतो म्हणतात. चाळीस रुपये दिले आणि दोन घास खाऊन उठले.

मामूंनी तुकडा आधी नाकाशी नेला. मग परातीत ओली माती थापून त्याची कड तीत दाबली आणि त्या वळणावरून दोरीने पुरा गोल काढला. गोल वीतभर भरला. आतल्या बाजूचा पांढरा थर त्यांनी नखाने खरवडला.

"चुना हाय ताई. हंडा न्हाई, बिंडा न्हाई. कुण्या बेगमचं पानदान हाय हे."

मला हसूच फुटलं. मामू मात्र तुटलेली कड उजेडात धरून निरखत होते.

"हे जमिनीत न्हाई तुटलं. तसं असतं तर कड काळी पडली असती. ही बघा, कशी चमकून राहिली. चार-आठ दिवसांत कुणी तरी हातोडा मारलाय. बाकीचं कुठं हाय?"

परतीचा रस्ता मला आठवत नाही. दादा माझ्याशी खोटं बोलला होता, एवढंच डोक्यात घुमत होतं. ऊन उतरायच्या आत घरी पोचले आणि उभ्या उभ्याच विचारलं.

दादा खाली बघत म्हणाला, "अख्खंच निघालं होतं. पण गुप्तधन एकट्यानं ठेवलं तर घरातला एक माणूस घेतं. म्हणून फोडलं. पाच वाटे केले. भावकीतली तीन घरं, मी, न् तू. दोष वाटून गेला की कुणाला काही होत न्हाई."

"आणि मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस का?"

मी खूप ओरडले. मग रडले. रात्री दादाच भावकीत घरोघर जाऊन तुकडे घेऊन चला म्हणून सांगून आला.

सोमवारी पाचही घरांची माणसं फडकी घेऊन तहसीलला गेली. कारकुनाने टेबलावर तुकडे जुळवले, वेल एकावरून दुसऱ्यावर सरळ चालत गेली. पंचनामा झाला, सगळ्यांचे जबाब झाले. का फोडलं, याची चौकशी होणार आहे म्हणे. दादाला काय होईल ते कुणी सांगेना.

आता नांदेडात आहे. दारावर थाप पडली की अजून दचकते. लग्नानंतर तहसीलच्या त्याच आवारात मी शेताच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती, साडी-चोळी घेऊन, हसत हसत. त्या शेतातून वाटा म्हणून माझ्या हाती आलेली ही पहिलीच वस्तू, आणि तीही मी तिथेच सही करून देऊन आले.