तांबडीचा कागद

आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील मजकूर लिहायचे, मी घड्या घालायचे. खोटं छापायचं नाही, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. म्हणून हे लिहिताना जास्त लाज वाटते.

धुळ्यात आम्ही चार-पाच जणांनी खानदेशातल्या मेंढपाळांचं जुनं कुत्रं पुन्हा उभं करायचं ठरवलं होतं. उंच, सडपातळ, दिवसभर कळपाबरोबर चालणारं. बाहेरच्या कुत्र्यांशी वाटेल तसा संकर होऊन नवी पिल्लं कमरेत अधू आणि उगाच चावरी निघत होती. निरोगी, शांत माद्या निवडायच्या, त्यांचीच पिल्लं वाढवायची, बाकीच्यांची नसबंदी. पत्रक अर्थातच मी लिहिलं. शोभेसाठी कुत्री पाळणाऱ्यांचा त्यात दोनदा धिक्कार होता.

अमळनेरजवळ कापूस निघालेल्या शेतात एका अक्काच्या मेंढ्या खतासाठी बसल्या होत्या. तिची तांबडी कुत्री पाहून आमच्यातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हीच ती."

"पहिलं पिल्लू मले," अक्कानं बजावलं. मग चहा देताना मला म्हणाली, "माय, तिले हातनं काही देऊ नको. आम्हनं कुत्रं परका हातनं खास नही. परका भाकर देस तो चोर." परक्याच्या हातचं खायचं नाही, ही तिच्या कुत्र्यांची शिकवण होती.

तपासणीचा तक्ता मी बनवला होता. अचानक छत्री उघडली, ताट आपटलं, पाय दाबून पाहिले, तांबडी शांत. शेवटचं कलम होतं, अनोळखी हातून खाते का. अक्का पाणी आणायला गेली होती, बाकीचे पलीकडे मेंढ्यांपाशी होते. तिचं बोलणं विसरले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. माझ्या तक्त्यात चूक आहे, हे सगळ्यांसमोर म्हणवेना. मी भाकर पुढे केली. ती गुरगुरली. मी हात आणखी पुढे नेला.

मनगटावर दोन दात उमटले.

"तू काही केलंस का?" डॉक्टरांनी धावत येऊन विचारलं.

"नाही."

कागदावर मीच लिहिलं: कारण नसताना चावली. त्या कागदावरून तांबडीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. अक्कानं माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढे तिला आम्ही दुसऱ्या मादीचं पिल्लू दिलं. यंदा हिवाळ्यात भेटायला गेले, तर ते भक्कम, देखणं कुत्रं धावत आलं आणि माझ्या हातचं बिस्किट खाऊ लागलं. क्षणभर मला अभिमान वाटला.

"गुणी शे तुन्हं कुत्रं," अक्का म्हणाली. "कोनाबी हातनं खास, बठ्ठासना हातनं. मांगला आठवडाम्हा दोन माणसं उनात, बिस्किट दिधं, दोन कोकरं लई गयात. हाई शेपूट हालाडत बठनं!"

ती हसली. मला हसता येईना. मी सगळं सांगून टाकलं: भाकर, हात, कागद.

"तवय सांगती ते तिले पिल्लं व्हती," न झालेल्या पिल्लांबद्दल अक्का एवढंच म्हणाली.

मग टोपलीतून भाकरीचा तुकडा काढून तिनं माझ्या हातात ठेवला आणि बाजूला बसलेल्या तांबडीकडे मान वळवली. "दे."

तांबडीच्या तोंडावर आता पांढरे केस आले आहेत. मी भाकर पुढे केली. ती गुरगुरली.

मी हात मागे घेतला. त्या दिवशीही एवढंच करायचं होतं.