शेवटच्या बाकावरची वही

नव्वदीतली गोष्ट. पेण तालुक्यात, जोहे गावाजवळच्या एका शाळेत मी पहिलीचा वर्ग घेत होते. एक दिवस रोह्याच्या अध्यापक विद्यालयातून पत्र आलं. रोज वर्गावर उभं राहणाऱ्या शिक्षकांनीही डी.एड.च्या मुलामुलींना शिकवावं, असं तिथल्या प्राचार्यांच्या मनात होतं. आठवड्यातून दोन दिवस येऊन पहिलीला वाचन कसं शिकवायचं ते मी सांगायचं.

मलाच का, हे मला कळेना. शाळेत दुसरी घेणाऱ्या आमच्या गुरुजींना तर ते मुळीच पटेना. त्या दोन दिवशी माझी मुलं त्यांच्या दुसरीत बसणार होती. कुणाची ओळख लावलीत बाई, असं त्यांनी हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते.

पेणहून पॅसेंजरनं जायचे. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन मागे पडलं की मी पाठाचं टाचण पुन्हा काढून वाचायचे. कारण विद्यालयातले एक जुने सर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसत. बोलत काही नसत, नुसतं वहीत लिहीत. टाचणात लिहिलंय तसं वर्गात कधीच घडत नाही, असं मी एकदा बोलून गेले, तेव्हा त्यांनी मान वर न करता तेही टिपून घेतलं. हे सगळं वर ऑफिसात जाणार, याची माझी खात्री झाली. पुढच्या तासांना मी शब्द मोजून बोलू लागले.

मग त्यांनी माझी शाळा बघायला येतो म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, आली तपासणी.

ते आले आणि म्हणाले, आज मी शिकवतो. खडू घेऊन त्यांनी छान, शुद्ध भाषेत सुरुवात केली. मुलं एकमेकांकडं बघू लागली. थोड्या वेळानं मूर्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाची पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, यांचा काय कलत नाय.”

सर खुर्चीत बसले. शाळा सुटल्यावर त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली. माझीच वाक्यं होती, एकाखाली एक.

“पंधरा वर्षं मी शिकवायचं कसं ते शिकवतोय,” ते म्हणाले. “पहिलीचा वर्ग कधी घेतला नाही. हे कुणाला सांगू नका.”

मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. तरी पानं उलटताना मधली दोन फाडलेली दिसली. ती कुठं गेली ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर तालुक्याहून कागद आला: शिक्षकांनी शाळेच्या वेळात बाहेर जाऊ नये. माझं रोह्याला जाणं थांबलं. प्राचार्यांना वाईट वाटलं, असं त्यांनी कळवलं. असा कागद तक्रारीशिवाय येत नाही. ती कुणी केली होती, सरांनी की आमच्या गुरुजींनी? पुढं कितीतरी वर्षं त्या दोघांपैकी कुणीही भेटलं की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे. कळलं कधीच नाही.