कोऱ्या चिठ्ठ्यांवरच्या सह्या

नायगावच्या आमच्या चाळीत कालिंदी परबचा दरारा होता, तो कागदांच्या बाबतीत. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढलेली बाई. पुनर्विकासाचे करारनामे आले तेव्हा तिने गॅलरीत खुर्ची टाकून अख्ख्या मजल्याला पानन् पान वाचून दाखवलं. माझे यजमान न वाचताच सही करायला निघाले, तर त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "भावोजी, न वाचता सही करणं म्हणजे आपल्या हाताने गळ्यात धोंडा बांधून घेणं," म्हणाली. त्यांनी तोंड पाडून सगळं वाचलं.

याच बाईने बारा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या, आणि त्या माझ्यासमोर केल्या.

तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी अपेक्षा कणकवलीहून नर्सिंग शिकायला मुंबईत आली. एकोणीस वर्षांची. दादरला एका संस्थेच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली. संस्थेचे अध्यक्ष मोठे देणगीदार, बडं प्रस्थ, मंत्री त्यांच्या पंगतीला. मुंबईतली पालक म्हणून कालिंदीचं नाव लागलं. मुलगी रात्री बाहेर राहणार असेल तर पालकाच्या सहीची चिठ्ठी लागे. कुठे, कधी, कशासाठी, हे सगळं त्यात लिहायचं. वॉर्डनबाई गोड बोलून म्हणाल्या, दर वेळी हेलपाटा कशाला, सह्या करून ठेवा, बाकीचं आम्ही भरू. कालिंदीने केल्या. आम्हा चाळीतल्या लोकांना बिल्डर चोर वाटतो, पण देणगी देणारा माणूस कधीच चोर वाटत नाही.

चार महिन्यांनी अपेक्षाचा फोन आला. मी कालिंदीकडे लसूण सोलत बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"मावशी, आता आणखी सह्या देऊ नको गो. रविवारी अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यावर पाठवतात आम्हाला. तिथे पाहुणे असतात. मला घरी घेऊन जा."

कालिंदीचा चेहरा उतरला, पण आवाज शाळेतलाच राहिला. "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये. सीट जाईल तुझी. अभ्यास कर."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुली वाढवून सांगतात." हे वाक्य माझं आहे आणि ते मला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. पुढच्या आठवड्यात वॉर्डनबाईंचा माणूस आला, तेव्हा कालिंदीने आणखी सहा चिठ्ठ्यांवर सह्या करून दिल्या.

वर्षभराने पाच मुलींनी मिळून अध्यक्षांविरुद्ध तक्रार केली. पोलीस चाळीत आले तेव्हा कालिंदी शरमेने अर्धी झाली होती, पण हेडक्लार्कचा ताठा सुटेना. तिने जबाबात लिहून दिलं की प्रत्येक चिठ्ठी वाचूनच सही केली आणि भाची कधी काही बोलली नाही. मी शेजारच्याच खोलीत दार लोटून बसले होते.

कोर्टात अपेक्षाने दोन दिवस साक्ष दिली. मावशीला फोनवर सांगितलं होतं, हेही सांगितलं. म्हणून अध्यक्षांच्या वकिलांनी कालिंदीलाच आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावलं. पोलिसांना सांगितलेलं तिने पुन्हा एकदा सांगायचं, की मुलगी खोटी ठरणार.

त्या सकाळी ती मला घेऊन फोर्टच्या कोर्टात गेली. सुनावणी बंद दाराआड होती, मी बाहेर बाकावर बसले. आत जाताना ती एवढंच म्हणाली, "मनू, आज मी माझी अब्रू घालवून येणार आहे."

आत काय झालं ते बाहेर आल्यावर तिनेच सांगितलं. वकिलाने चिठ्ठ्या दाखवल्या. सह्या तुमच्याच ना? माझ्याच. वाचून केल्या ना? नाही, कोऱ्या होत्या. वकील चिडला, पोलिसांना तर वेगळं सांगितलंत. तेव्हा खोटं बोलले, असं ती म्हणाली. मग जजसाहेबांनी विचारलं, मुलीचा फोन आला तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत, जसंच्या तसं सांगा. त्या बंद दाराआड, अपेक्षा समोर बसलेली असताना, तिला ती तिन्ही वाक्यं म्हणावी लागली, आणि टायपिस्टने ती टाइप केली.

थोड्या वेळाने अपेक्षा सरकारी वकीलबाईंबरोबर बाहेर आली. कालिंदी उठून उभी राहिली. हात जोडावे की मुलीला जवळ घ्यावं, तिला कळेना.

"आज कोर्टाने ऐकलं म्हणून खरं झालं नाही, मावशी," अपेक्षा म्हणाली. "मी तेव्हाही खरंच सांगत होते."

वकीलबाईंनी विचारलं, फोन आला तेव्हा खोलीत आणखी कोणी होतं का? कालिंदीने मान खाली घातली, माझं नाव काही घेतलं नाही.

"मी होते," मी म्हटलं. "सगळं ऐकलंय मी."

वकीलबाईंनी डायरी उघडून माझं नाव लिहून घ्यायला सुरुवात केली. अपेक्षा माझ्याकडे वळली.

"काकू," ती म्हणाली, "मग एवढे दिवस तुम्ही का नाही बोललात?"