चन्नम्माचं पाचवं कडवं

जळकोटला हायवेवर चन्नम्माचा ढाबा आहे. नवरा हणमंतप्पा गल्ल्यावर बसतो, ती चुलीपुढं. भाकरी थापता थापता तिला ओळी सुचतात. मग हात पुसून ती त्या मोबाईलवर एका बोटानं लिहिते. माझं घर ढाब्याच्या मागंच असल्यामुळं अनुस्वार तपासायचं काम माझ्याकडं आलं. मी कॉन्व्हेंटात शिकले, माझं मराठी शुद्धलेखन पुढं स्वतःच शिकून घेतलेलं आहे, असं तिला सांगून पाहिलं. "तुमी रोज डायरी लिवता न्हवं? मग बघा," म्हणाली.

ती ‘शब्दपाणवठा’ नावाच्या व्हॉट्सॲप समूहात आहे. सकाळी धाराशिवचे निवृत्त शिक्षक अमरसिंह सर विषय देतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे त्यावर कविता पाठवतात. कविता सोळा ओळींपेक्षा मोठी चालत नाही. दुसऱ्याची रचना स्वतःच्या नावावर टाकणाऱ्याला समूहातून काढतात. ज्याची कविता सरस ठरते त्याला फोटोसकट रंगीत सन्मानपत्र मिळतं. चन्नम्माची सन्मानपत्रं हणमंतप्पानं छापून भावफलकाशेजारी चिकटवली आहेत. डाळफ्रायचा भाव बघणारं गिऱ्हाईक ‘उत्कृष्ट अष्टाक्षरी’सुद्धा वाचूनच बसतं.

तिची ‘ढाबा’ ही कविता काही वर्षांपूर्वीची. तिचा शेवट असा होता:

चार ताटं वाढताना
हात पाचव्याला जाई,
झाकलेल्या भाकरीची
ऊब निवतच नाही.

कविता समूहातून बाहेर पडली, या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गेली आणि वाटेत कुठंतरी खालचं नाव गळालं. एका दुपारी एक ड्रायव्हर जेवता जेवता म्हणाला, "मावशी, ऐका. लई भारी हाय." त्यानं रील लावलं. मागं बासरी, पुढं कुणा पुरुषाचा घोगरा आवाज आणि चन्नम्माच्या सोळा ओळी. हणमंतप्पा गल्ल्यावरून उठला. तिनं त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.

"कुणाची म्हणायची ही?" तिनं विचारलं.

"काय ठावं. कुणीतरी मोठा माणूस आसंल."

"काकू, मी मोठा माणूस झाले!" असं मला सांगत ती दिवसभर हसत होती.

पण महिनाभरात समूहाचा वाढदिवस आला. सरांनी प्रत्येकाला आपली आवडती जुनी रचना पाठवायला सांगितली. चन्नम्मानं ‘ढाबा’ पाठवली. लगेच पुण्याच्या मोनिकाताईंचा संदेश आला: "ही तर फिरून फिरून झिजलेली कविता आहे. रील सोबत जोडते. तिच्याखाली स्वतःचं नाव लावणं शोभत नाही." एरवी ‘अप्रतिम ताई’ लिहिणारे सगळे गप्प झाले. मूळ संदेश कुणाकडंच नव्हता. सरांनी मोबाईल बदलला होता आणि चन्नम्मासकट बाकीचे तर आठवड्याला सगळं पुसून टाकतात.

सरांचा फोन आला. "चन्नम्माताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नियम सगळ्यांना सारखा. पुरावा मिळेपर्यंत तुम्हाला बाहेर ठेवावं लागतंय."

ती माझ्याकडं आली. ती कविता मी तिनं लिहिली त्याच दिवशी डायरीत उतरवून घेतली होती. पानाचा फोटो पाठवू का, असं मी विचारलं.

"नको काकू. शेजारीण साक्षीला आणली म्हणतील." मग म्हणाली, "त्या कवितेला आणखी एक कडवं हाय. सोळा ओळीत बसंना म्हणून माझ्यापाशीच ऱ्हायलं. पाचवं ताट कुणाचं, त्या घोगऱ्याला सांगता येतंय का बघू."

आणि तिनं म्हणून दाखवलं:

सिदू म्हणाला, आलोच,
ठेव भाकर झाकून.
हायवेला किती दिवे,
त्याचा ओळखू कुठून?

सिदू हा तिच्याकडं नेहमी जेवणारा ट्रक ड्रायव्हर. एकदा परतीला थांबतो म्हणून गेला तो आलाच नाही. फोनही लागेना.

"मी काय रोज ताट झाकून बसत न्हाय हां," ती म्हणाली. "इतकी खुळी न्हाय. पर भाकरी थापताना एक जास्त होतीया."

रीलवाला ड्रायव्हर पुन्हा आला तेव्हा तिनं त्याचा मोबाईल समोर धरायला लावला. "मी चन्नम्मा, जळकोट. ही कविता माझी," असं म्हणून तिनं चुलीपुढंच पाची कडवी म्हटली. त्यानं ते ड्रायव्हरांच्या समूहांवर सोडलं.

सरांनीही ऐकलं. "कडवं सुंदर आहे ताई," ते म्हणाले, "पण जास्तीचं कडवं कुणीही जोडू शकतो."

"ते बी खरंय," ती म्हणाली. रोजचा विषय ती माझ्या मोबाईलवर बघायची, कारण त्या समूहात नुसती वाचक म्हणून मीही होते. त्यावर लिहायची, मला दाखवायची आणि ठेवून द्यायची. एक दिवसही चुकला नाही.

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अक्का, माझं नाव कशाला घातलंस? नागपूर लाईनीची पोरं मला ‘झाकलेली भाकर’ म्हणायलीत!"

"मुडद्या, जिता हायस व्हय?"

"मोबाईल हरवला, लाईन बदलली. काय करू?"

"काय करू विचारतोस? आता सरांना फोन लाव. भाकर कुणाला झाकायला लावलीस ते तुझ्या तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. रीलमधल्या घोगऱ्या माणसाला जे कळणं शक्य नव्हतं, ते सिदूच्या तोंडून सरांनी ऐकलं. संध्याकाळी चन्नम्मा समूहात परत आली. मोनिकाताईंनी सर्वांसमोर माफी मागितली. आता त्यांनाच काढा, असं दोघातिघांनी सुचवलं. चन्नम्मानं लिहिलं, ‘काढू नका. त्यांनी ऐकलं ते सांगितलं. आता मला वाचतील.’

पुढं एका दुपारी सिदूचा ट्रक ढाब्यापुढं लागला.

"माझी झाकलेली भाकर कुठाय?"

"कुत्र्यानं खाल्ली. बस, गरम देते."

जेवण झाल्यावर तो आम्हाला ट्रकमागं घेऊन गेला. फाळक्यावर पिवळ्या रंगात पाचव्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी होत्या आणि खाली बारीक अक्षरात ‘चन्नम्मा, जळकोट’. मी सवयीनं अनुस्वार बघून घेतले. सगळं बरोबर होतं.

चन्नम्मानं उन्हाला हात आडवा धरून सगळं वाचलं.

"सिदू, पेंटर तुझ्या वळकीचा हाय न्हवं?"

"हाय की."

"मग नाव जरा मोठं काढायला सांग."