पाच तोट्यांचा चोर

खाडीकाठच्या आमच्या गावाने ताहिरला बाहेर काढलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मशिदीच्या वजूखान्यातली, नमाजाआधी हातपाय धुतात तिथली, एक पितळी तोटी त्याने काढली आणि भंगारात विकली. तेवढं त्याने कबूलही केलं. पण जमातीने मोजलं तेव्हा तोट्या पाच कमी भरल्या. मग गावातलाच जमालुद्दीन उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, पाचही काढताना मी याला बघितलं. जुम्म्याच्या नमाजानंतर ताहिरच्या गळ्यात चपलांचा हार पडला. त्याच्या मामाने बहारीनचा व्हिसा आणला. जमात बोलावेल तेव्हाच परत यायचं, असं ठरलं. जमातीने कधी बोलावलंच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भंगारवाल्याने ताहिरला सांगितलं होतं, बाकीच्या चार तोट्या जमालुद्दीननेच आणून दिल्या. पण चोराच्या तोंडून हे कोण ऐकणार?

मी त्याला बहारीनमध्ये, मनामाला, आमच्या गावच्या माणसांच्या खोलीत भेटलो. दहा खाटा, एक स्टोव्ह, एक खिडकी. समुद्र इथेही होता, पण त्याला आमच्या चिखलाचा वास नव्हता. ताहिर पहाटे कंपनीच्या बसने सित्राला जाई आणि पाइप जोडी. जोडता जोडता फोरमन झाला. कमी बोलायचा. राग मात्र त्याने उन्हातल्या पाइपासारखा ठेवला होता. दिसायला थंड, हात लावला तर कातडी निघेल असा.

चौऱ्याण्णव साली जमालुद्दीन आमच्या दारात आला. हिद्दला त्याच्या मालकाचं काम बंद पडलं होतं. महिन्याभरात दुसरी कंपनी मिळाली नाही तर परत जावं लागणार होतं. ताहिरने इंजिनिअरकडे शब्द टाकला असता तर काम होण्यासारखं होतं. ताहिरने त्याला खाट दिली, जेवायला वाढलं आणि शुक्रवारपर्यंत थांब म्हणाला.

शुक्रवारी जेवणं झाली की आमच्या खोलीत कॅसेट भरायची. एकेकाने टेपसमोर बसायचं आणि घरच्यांशी बोलायचं. रजेवर जाणारा ती गावी नेई. तिथे जमातीच्या ओवैससाहेबांच्या पडवीत सगळं गाव ती ऐके, बायका दाराआडून. त्या दिवशी ताहिरने बटण दाबायच्या आधी टेप जमालुद्दीनपुढे सरकवला.

"चार तोट्या कोणी नेल्या ते सांग. मग नोकरी."

जमालुद्दीन हसला. म्हणाला, सोळा वर्षं झाली बाबा, कोणाला आठवतंय? कोणीच हसलं नाही. मग त्याचा आवाज खाली आला.

"ताहिर, माझी पोरं पण ऐकतील रे."

"माझी आई सोळा वर्षं ऐकते आहे."

ताहिरने बटण दाबलं. जमालुद्दीन टेपकडे वाकून बोलला. चार मी नेल्या, खोटी शपथ मी घेतली. ताहिरने कॅसेट काढली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी शब्द पाळला. जमालुद्दीनला सित्रात लावला, आपल्याच हाताखाली. आम्हाला वाटलं, मन मोठं केलं. तसं नव्हतं. ताहिरला तो नजरेसमोर हवा होता.

कॅसेट गावी गेली. ताहिरची आई झोहराबी आल्यागेल्याला ती लावून दाखवू लागली. ऐकल्याशिवाय चहा नाही. दोन महिन्यांनी जमातीचं पत्र आलं, ये म्हणून. ताहिर रजा घेऊन गेला, मशिदीत पहिल्या रांगेत बसला, चाळीस दिवस राहिला. जमालुद्दीनलाही बिनपगारी रजा मिळत होती. त्याने घेतली नाही.

ताहिर परत आला त्या दिवशी जमालुद्दीनने त्याची बॅग उतरवून घेतली. ती खाटेखाली सरकवता सरकवता विचारलं, माझ्या घरी गेला होतास?

"गेलो होतो," ताहिर म्हणाला. "तुझ्या बायकोने पाणी आणलं."

"मग?"

"घेतलं नाही. सगळी आळी बघत होती."

जमालुद्दीन आपल्या खाटेवर जाऊन बसला. ताहिरने बूट काढले आणि आम्हाला विचारलं, आज भात करायची पाळी कोणाची आहे?